दुपारी वाकणाऱ्या रेषा

माझा उजवा डोळा बिघडतो आहे हे मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, नवा फोन बिघडलेला आहे. त्या गैरसमजात बरेच दिवस गेले. डोळ्यासाठी ते दिवस फार मोलाचे होते आणि मी ते दुकानदाराशी हुज्जत घालण्यात घालवले.

आधी माझा स्वभाव सांगायला हवा. मी मुळगावात राहतो आणि डिचोलीच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. कुठलीही वस्तू हातात आली की तिच्यात खोट शोधायची ही माझी जुनी खोड. मिक्सर असो, पंखा असो, मी तो विकणाऱ्याला घाम फोडल्याशिवाय घरी आणत नाही. बायको म्हणते, "देवळांत गेल्यार तुमी घांटेचोय आवाज तपासतले." फोनच्या बाबतीत तर माझा शब्द आमच्या शिक्षकांच्या खोलीत प्रमाण मानला जातो. कुणाला फोन घ्यायचा असला की तो आधी मला विचारतो. मी प्रोसेसर कुठला, बॅटरी किती टिकेल, कॅमेऱ्याच्या नुसत्या आकड्यांना भुलू नका, असं सगळं ऐकवतो आणि शेवटी बहुतेक वेळा सांगतो की एवढे पैसे घालण्यात अर्थ नाही.

मग माझा स्वतःचा जुना फोन गेला, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांना नको म्हणून सांगितलेल्या महागड्या वर्गातला फोन मीच घेतला. स्कूटरच्या किमतीचा. जुना फोन बदल्यात देऊन टाकला. बायको नुसती हसली. त्यामुळे हा फोन पैसे वसूल करणारा आहे की नाही हे ठरवणं माझ्या अब्रूचा प्रश्न होऊन बसलं.

मी त्याची कसून परीक्षा घेतली. मये तळ्याच्या काठावर उभं राहून पलीकडच्या काठावरच्या म्हशींचे फोटो काढले, त्यांच्या कानातली पिवळी पट्टी वाचता येते का बघितलं. येत होती. भर उन्हात अंगणात उभं राहून स्क्रीन वाचली. चार्जिंगला लावून पाठीला हात लावून बघितला, किती तापतो ते. ओल्या बोटांनी उघडून बघितला. आमच्याकडे खाणीची तांबडी धूळ चार्जिंगच्या भोकात जाऊन बसते, म्हणून ते भोक भिंगाखाली धरून पाहिलं. सगळीकडे फोन पास झाला आणि मला जरा वाईटच वाटलं. खोट न सापडलेली वस्तू मला स्वस्थ बसू देत नाही.

खोट सापडली ती दुपारी.

आमच्याकडे दुपार म्हणजे झोप. एक वाजला की बाजार मिटतो, शटर खाली येतात, आणि चारपर्यंत डिचोलीत कुणी कुणाच्या दारावर थाप मारत नाही. मीही शाळेतून येतो, जेवतो आणि आडवा होतो. जेवल्यावर डाव्या कुशीवरच निजायचं, अन्न नीट पचतं, हे वडिलांनी लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. त्यामुळे इतक्या वर्षांत दुपारी मी दुसऱ्या कुशीवर निजल्याचं मला आठवत नाही. डावा गाल उशीत रुतवायचा, फोन समोर धरायचा, वर्तमानपत्र चाळायचं आणि डुलकी लागेपर्यंत वाचत राहायचं. हा माझा रोजचा शिरस्ता.

त्या दुपारी वर्तमानपत्राच्या दोन रकान्यांमधली उभी रेष मला मध्येच फुगलेली दिसली. मी बोटाने काच पुसली. रेष फुगलेलीच. मग स्क्रीन तपासण्यासाठी असतं तसं चौकटींचं पान उघडलं, पांढऱ्यावर बारीक काळ्या उभ्या-आडव्या रेषांचं. कडेच्या रेषा सरळ होत्या. मधल्या मात्र वाकल्या होत्या, पाण्यात बुडवलेली काठी दिसते तशा. आज सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. शेवटी सापडली, असं वाटलं.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. तो फुगवटा एका जागी नव्हता. मी वरच्या चौकटींकडे बघितलं की तो वर जायचा, खाली बघितलं की खाली यायचा. मी जिथे बघेन तिथे तो माझ्या आधी हजर. यावरून मी काय अर्थ काढला असेल? या फोनला समोरच्या कॅमेऱ्याने माणसाची नजर ओळखण्याची सोय होती. मी म्हटलं, तीच घोटाळा करते आहे. ती बंद केली. फुगवटा तसाच. तरी मी माझ्याबद्दल क्षणभरही शंका घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी दुकानात गेलो. दुकानदार माझ्यापेक्षा वयाने लहान, शांत माणूस. मी काउंटरवर फोन ठेवला, चौकटींचं पान उघडलं, आणि रेषा सरळ. अगदी फूटपट्टीने मारल्यासारख्या. त्याने फोन हातात घेतला, आडवा धरला, तिरका धरला.

"सर, माका सरळच दिसतात."

"आता सरळ आहेत. दुपारी वाकतात," मी म्हटलं.

"दनपारां हांव दुकान बंद करून न्हिदतां सर. तेन्ना फोन पळयतलो कोण?"

दुपारी झोपलेला माणूस फोन कसा बघणार, हे ऐकून दुकानातलं आणखी एक गिऱ्हाईक हसलं. मला राग आला. मी तिथेच त्यांना प्रसरण समजावून सांगितलं. स्क्रीनमध्ये थर असतात, काच वेगळी, खालचा थर वेगळा, उष्णतेने प्रत्येक थर वेगळ्या मानाने फुगतो. दुपारी माझ्या खोलीवरचा स्लॅब तापतो, फोन तापतो, थर ताणले जातात आणि रेषा वाकतात. बोलता बोलता माझीच इतकी खात्री पटली की त्या गिऱ्हाइकाला मी सांगितलं, हा फोन घेऊ नका. त्यानेही हातातला खोका हळूच खाली ठेवला.

त्या दुपारी मी फोन थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला, सोलकढीच्या भांड्याशेजारी. मग काढला, पुसला, आडवा झालो. रेषा वाकलेल्या. म्हणजे आता स्क्रीन कायमची वाकली, असा निष्कर्ष मी काढला. संध्याकाळी चहा पिताना बघितलं तर पुन्हा सरळ. शास्त्र शिकवणाऱ्या माणसाने एवढ्यावर थांबून विचार करायला हवा होता. दुपारी एकदा बसून बघावं, इतकी साधी गोष्ट होती. ती मला सुचली नाही, कारण दुपारी मी बसतच नाही.

असे आणखी दिवस गेले. शेवटी दुकानदार कंटाळला आणि त्याने त्याच्याकडचा नमुन्याचा फोन मला एका दुपारपुरता दिला. "हो घरां व्हरात सर, आनी कितें तें एकदां थारायात," म्हणजे घरी नेऊन काय ते एकदाचं ठरवा, असं म्हणाला. त्या फोनमध्येही रेषा वाकल्या. पहिल्यापेक्षा जास्त. मी बायकोला हाक मारली. सगळा मालच खराब निघाला हे कुणाला तरी दाखवायची मला घाई झाली होती.

ती पलंगाच्या दुसऱ्या बाजूला नुकतीच पडली होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला, उठून बसली आणि बघितलं.

"सरळ आसात."

"बसून नाही, आडवी होऊन बघ. मी बघतो तशीच बघ."

ती कुरकुरत आडवी झाली, तिच्या नेहमीच्या सवयीने माझ्याकडे पाठ करून. फोन वर धरला. "सरळच आसात. तुमकां कितें दिसता?"

तिला चूक दाखवायची म्हणून मी वळलो. उजव्या कुशीवर झालो आणि तिच्या खांद्यावरून फोनकडे बघितलं. उजवा डोळा उशीत गेला होता, डावा उघडा होता. रेषा सरळ होत्या.

मी तिच्या हातातून फोन ओढून घेतला. डाव्या कुशीवर वळलो. वाकल्या. उजव्या कुशीवर वळलो. सरळ झाल्या. पुन्हा वळलो. बायको म्हणाली, "हें कितें चल्लां?" माझ्या हाताला घाम सुटला होता आणि फोन त्यातून निसटत होता.

मी उठून बसलो आणि डाव्या डोळ्यावर हात ठेवला. समोर जनेल होतं. त्या खिडकीचे उभे गज मी लहानपणापासून बघत आलो आहे. ते मध्येच, मी बघेन तिथे, आत दबल्यासारखे वाकले होते. मी मान वळवून बायकोकडे बघितलं. तिचे केस दिसत होते, कान दिसत होते, गळ्यातलं मंगळसूत्र दिसत होतं. मधोमध, जिथे नाक आणि तोंड असायला हवं, तिथे सगळं मळकट आणि ओढल्यासारखं झालं होतं. ती काहीतरी विचारत होती. तिचे ओठ मला दिसत नव्हते.

मी घाबरलो. दुसरा शब्द मला सापडत नाही. मी शेवटचा इतका कधी घाबरलो होतो ते आठवत नाही.

कारण हे मी आधी पाहिलं होतं. वडिलांची नजर अशीच गेली, मधून. कडा राहिल्या, समोरचं गेलं. शेवटच्या वर्षांत ते माणसाशी बोलताना त्याच्याकडे बघायचे नाहीत, त्याच्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघायचे, म्हणजे त्यांना तो थोडासा दिसायचा. नवख्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याचं आपल्याकडे लक्ष नाही. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत यायचा तेव्हा ते आवाजाच्या जरा बाजूला तोंड करून त्याला उंडे पाव मागायचे. आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो. त्याला आजाराचं नाव असतं हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

म्हापशाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा गाडी बायकोने चालवली. मी शेजारी बसून एक डोळा झाकत होतो, दुसरा झाकत होतो, विजेचे खांब सरळ आहेत का बघत होतो. तिने एकदाच सांगितलं, "हात सकयल घेयात." मी हात खाली घेतला.

यंत्रावर हनुवटी टेकून मी बसलो. डॉक्टरांनी थेंब घातले, आत बघितलं, चित्रं काढली. त्यांनी ती मला दाखवली. डोळ्याच्या मागच्या पडद्याचे थर एकावर एक होते, आणि मधल्या जागी ते खालून वर उचललेले होते. खाली पाझर होता. नको त्या ठिकाणी नवीन रक्तवाहिन्या उगवतात आणि गळतात, असं त्यांनी सांगितलं. मला दुकानात मीच दिलेलं व्याख्यान आठवलं, थर ताणले जातात आणि रेषा वाकतात.

"कधीपासून होतंय हे?" त्यांनी विचारलं.

मला फोन घेतल्यापासूनचे दिवस आठवले. मी खाली मान घालून सगळं सांगितलं, फ्रिजपर्यंत. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "एक डोळा चांगला असला की दुसऱ्याचं कळत नाही. बरेच लोक याहून खूप उशिरा येतात. पण तुम्ही लगेच आला असता तर जास्त वाचलं असतं." डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आहे ती नजर टिकावी यासाठी. गेलेली परत येईलच असं नाही.

मग त्यांनी डाव्या डोळ्याचं चित्र पुढे घेतलं. "यातही थोडे ठिपके आहेत. आज काही झालेलं नाही. होईलच असंही नाही. पण याच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं." त्यांनी मला चौकटींचा एक छापील कागद दिला. मध्ये एक काळा ठिपका. रोज सकाळी एक डोळा झाकून त्या ठिपक्याकडे बघायचं, मग दुसरा झाकून. डाव्या डोळ्यात एक रेष जरी वाकली तरी त्याच दिवशी यायचं.

पहिलं इंजेक्शन घेताना मी दात आवळून पडलो होतो. दुखलं फारसं नाही. सुईची भीती मला नव्हती. मी डाव्या डोळ्याचा विचार करत होतो.

दुकानदाराकडे जाणं भाग होतं. त्याचा नमुन्याचा फोन परत करायचा होता आणि माझ्यामुळे गेलेलं गिऱ्हाईक परत आणता येणार नव्हतं. मी सगळं सांगितलं. तो काउंटरमागे उभा राहून ऐकत होता. माझं बोलणं संपल्यावर त्याने मला बसायला स्टूल दिलं आणि चहा मागवला. मग थोडा वळून, मला दिसू नये अशा बेताने, त्याने एक डोळा झाकला आणि स्वतःच्या फोनकडे बघितलं. मग दुसरा झाकला. शाळेतही तसंच झालं. शिक्षकांच्या खोलीत मी सांगायला लागलो की थोड्या वेळाने कुणी ना कुणी खिडकीकडे तोंड करून एक डोळा मिटून उभा असे. मला त्यांचा हेवा वाटे, कारण ते लगेच दोन्ही डोळे उघडून चहा प्यायला परत येत.

फोनबद्दल माझं मत काय, हे लोक अजून विचारतात. फोन चांगला आहे. स्क्रीन तर मी पाहिलेल्या सगळ्यांत चांगली, इतकी बारीक आणि स्वच्छ की केसाएवढ्या रेषेतला बाकही लपत नाही. जुन्या अंधुक फोनवर मी आणखी कितीतरी दुपारी तशाच वाचत पडलो असतो. पैसे वसूल झाले असं मी म्हणतो तेव्हा समोरच्याला तो विनोद वाटतो. मी फोन हल्ली दुपारी हातात घेत नाही. आता उताणाच पडतो आणि छताकडे बघत राहतो.

तो छापील कागद बायकोने फ्रिजच्या दारावर लावला. रोज सकाळी मी त्याच्यापुढे उभा राहायचो. डाव्या डोळ्यावर तळहात ठेवायचा आणि उजव्याने बघायचं. वाकलेल्या रेषा आदल्या दिवसाइतक्याच आहेत का, जास्त झाल्या का, हे बघण्याचं मला काही वाटत नसे. तिथे जे व्हायचं ते झालेलं होतं. त्यानंतर उजवा डोळा झाकून डाव्याने बघायचं, ते मात्र मी करत नव्हतो. हात उचलायचो, गालापर्यंत न्यायचो आणि खाली घ्यायचो. उद्या बघू म्हणायचो. दोन्ही डोळे उघडे ठेवून जग सरळ दिसत होतं. ते तसं दिसतंय तोवर त्याला हात कशाला लावा, असं वाटायचं. यंत्रांमध्ये खोट शोधत आयुष्य घालवलेला मी, इथे खोट सापडेल म्हणून बघायलाच तयार नव्हतो. बायको स्वयंपाकघरातून डाव्या डोळ्याचं विचारायची, "दावो?" मी म्हणायचो, "बरो आसा." पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी घरच्या तपासणीचं विचारलं, तेव्हाही मी तेच उत्तर दिलं. ती बाजूच्या खुर्चीत बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला बसलो होतो. ती समोर आली. तिने फ्रिजवरचा कागद काढून आणला होता. तिने डावा तळहात माझ्या उजव्या डोळ्यावर ठेवला. हाताला खोबऱ्याचा वास होता. दुसऱ्या हाताने तिने कागद माझ्यासमोर धरला.

"पळयात," ती म्हणाली.

"हात काढ गो."

"आदीं पळयात. मागीर काडटां."

माझा डावा डोळा मिटलेला होता. तो मीच मिटून घेतला होता. ती थांबून राहिली. बाहेर कुणाची तरी स्कूटर गेली, चहावर साय धरली, तरी तिने हात काढला नाही. मी डोळा उघडला आणि काळ्या ठिपक्याकडे बघितलं.

रेषा हलत होत्या. सगळ्या, कडेच्यासुद्धा, बारीक बारीक हलत होत्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. झालं, मी मनात म्हटलं, हाही गेला. आता ती मला दिसणार नाही, वर्गातल्या मुलांची तोंडं दिसणार नाहीत, फळ्यावर मीच लिहिलेलं मला दिसणार नाही.

"कश्यो दिसतात?" तिने विचारलं. तिचा आवाज नीट नव्हता. तो ऐकून मी कागदावरची नजर काढली आणि कागद धरलेल्या हाताकडे बघितलं. तिची बोटं थरथरत होती. मनगटापासून सबंध हात थरथरत होता, आणि त्याच्याबरोबर कागद.

मी तिचं मनगट धरलं. कागद थांबला. रेषा थांबल्या. वरपासून खालपर्यंत, या कडेपासून त्या कडेपर्यंत, सगळ्या सरळ होत्या.

"सरळ आहेत," मी म्हटलं.

"खरें सांगात."

"खरंच सरळ आहेत."

तिने कागद खाली ठेवला. माझ्या उजव्या डोळ्यावरचा तळहात मात्र तिने बराच वेळ काढला नाही.